सासूबाईंच्या टबाचा तडा

३ फेब्रुवारी, सोमवार. दुपार.

आजपासून रोज लिहायचं. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहतात, ती वाया का घालवा?

बाथरूमच्या टबाला तडा गेला आहे. मोठा नाही, वीतभर. आपोआप गेला. म्हणजे टबाच्या वरच्या फळीवर मी जुनी लोखंडी इस्त्री ठेवली होती, ती खाली आली. पण टब मजबूत असता तर एका इस्त्रीने त्याचं काय बिघडणार होतं? फायबरग्लासचा आहे म्हणे. नावातच ग्लास असलेली वस्तू बाथरूममध्ये बसवणाऱ्याला काय म्हणावं!

हा टब फ्लॅटबरोबर आला. इतकी वर्षं मी त्यात बटाटे, कांदे आणि धुवायच्या चादरी ठेवत होते. गेल्या महिन्यात सासूबाई राहायला आल्या आणि त्यांच्या कंबरेच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज तासभर गरम पाण्यात बसा. बटाटे बाहेर, सासूबाई आत.

सासूबाई आमच्याकडे आल्या ही साधी गोष्ट नाही. आजवर त्या मोठ्या जाऊबाईंकडेच होत्या. तिकडे चिनी मातीचा टब, काचेचं सरकतं दार, सगळं चकचकीत. तरी त्या आपण होऊन म्हणाल्या की आता धाकट्याकडे राहीन. माणसाची पारख म्हणतात ती हीच. त्या आता कायमच्या इथेच राहाव्यात, एवढंच देवाजवळ मागणं आहे. जाऊबाईंना दाखवायला मुळीच नव्हे. जाऊबाईंना आपोआप दिसेलच.

ह्यांना काही बोलले नाही. ह्यांना सांगितलं की हे लगेच माणूस बोलावतात, आणि माणूस आला की घरातल्या आणखी चार वस्तू बिघडलेल्या निघतात.

तड्यावर रबराची चटई अंथरली. इस्त्रीला काही झालेलं नाही. देवाची कृपा.

४ फेब्रुवारी, मंगळवार.

सासूबाई नेहमीप्रमाणे दहा वाजता आत गेल्या. कडी लावली. ही कडी ह्यांनी स्वतः बसवली आहे, त्यामुळे ती लागताना बंदुकीसारखा आवाज होतो. तासाने बाहेर आल्या. चेहरा प्रसन्न. टब कसा वाटला, असं मी सहज विचारलं. स्वर्ग आहे गं, म्हणाल्या. तड्याबद्दल चकार शब्द नाही. म्हणजे तडा वरवरचा आहे, बसणाऱ्याला लागत नाही.

सासूबाईंचं एक मला फार आवडतं. किती जपून वापरतात! तासभर आंघोळ करून टॉवेल जवळजवळ कोराच. गरम पाण्याचा बंबसुद्धा भरलेलाच्या भरलेला. माझ्या घरात राहून माणसाला वळण लागतंच.

संध्याकाळी जाऊबाईंचा फोन. सोळा तारखेला, रविवारी येणार. म्हणाल्या, आईंची सोय नीट होते का ते डोळ्यांनी बघायचं आहे, नसेल होत तर सरळ आमच्याकडे घेऊन जाऊ, तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. हं म्हणताना आवाजात साखर. मी म्हणाले, या की, टबसुद्धा बघा.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की टब बघा असं म्हणायला नको होतं.

निश्चय: सोळा तारखेच्या आत टब मी स्वतः नव्यासारखा करणार.

५ फेब्रुवारी, बुधवार.

हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार बोलका. फायबरग्लासचं किट मिळतं. एका बाटलीत रेझिन म्हणजे काकवीसारखा चिकट रस, आणि एक छोटी ट्यूब, तिला हार्डनर म्हणतात. हार्डनर मिसळलं की रस दगड होतो. तडा घासायचा, त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड ठेवायचं, वरून रस लावायचा. झालं. मी मॅट्रिक आहे, मला दोनदा सांगावं लागत नाही. तरी त्याने माप तीनदा सांगितलं.

मास्क घ्या म्हणाला. हातमोजे घ्या म्हणाला. काचेचं कापड घ्याच म्हणाला. ह्या लोकांना एका गिऱ्हाईकात महिना काढायचा असतो. मी फक्त किट घेतलं. कापड माझ्या घरी ढीगभर आहे.

कपाटातून फुलाफुलांचा एक उशीचा अभ्रा काढला. जाड, चिवट, एकदाही न वापरलेला. कुणीतरी कधीतरी दिलेला जोड होता, मोठमोठी जांभळी फुलं. आमच्या घराला तसली फुलं शोभत नाहीत. टबात शोभतील.

६ फेब्रुवारी, गुरुवार.

सासूबाईंना सांगितलं की बाथरूमची खास सफाई आहे, चार दिवस टब बंद. त्यांचा चेहरा असा पडला की मलाच भरून आलं. किती लळा लागला आहे त्यांना माझ्या टबाचा! म्हणाल्या, मग मी बसू कुठे गं? मी म्हणाले, माझ्याजवळ बसा.

त्यांना करमावं म्हणून सकाळी प्रार्थनेच्या पुस्तकातली दोन प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवली. मग कोणत्या मंडईत भेंडी किती स्वस्त मिळते ते समजावून सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

दुपारी त्या पडल्यावर तडा घासला. पॉलिश पेपरने, खरखरून. पांढरी धूळ खूप उडाली. टेबलफॅन लावून ती घालवली. कुठे गेली कुणास ठाऊक, पण गेली. उरलेली फडक्याने पुसली, आणि ती फडकी घरच्या कपड्यांबरोबरच धुवायला टाकली. चार फडक्यांसाठी वेगळं पाणी कोण घेतं?

७ फेब्रुवारी, शुक्रवार.

घरात सगळ्यांना खाज. मला मनगटाला, सासूबाईंना मानेला. ह्यांना जिथे आहे तिथलं लिहिता येत नाही.

साबण बदलला होता गेल्या आठवड्यात. तोच असणार.

८ फेब्रुवारी, शनिवार.

साबण नव्हे. जुना साबण लावून कालचेच कपडे पुन्हा एकत्र धुतले, तर खाज वाढली. आहारातलं काहीतरी असणार. आजपासून घरात शेंगदाणे, अंडी, वांगी आणि बिस्किटं बंद. खाज गेली नाही तरी महिन्याचा खर्च खाली येईल.

काल ऑफिसात ह्यांना साहेबांसमोर उभं राहून आकडे वाचायचे होते. घरी येऊन म्हणाले, मी आकडे वाचत होतो, खाजेने पाय नाचत होते आणि सगळे माझ्या पायांकडे बघत होते. साहेब म्हणाले म्हणे, एवढे खूश आहात तर आकडे चांगले असणार. बघा, देव कुठून कुठून सांभाळतो.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी चार.

मुख्य काम आज झालं. हे बाहेर गेले होते, सासूबाई खिडकीशी खाजवत बसल्या होत्या.

अर्धं रेझिन वाडग्यात काढलं. त्याला दुकानदाराने जेवढं हार्डनर सांगितलं होतं त्याच्या निम्मं घातलं. मीठ, तेल, साखर, साबण, कशाचंही सांगितलेलं माप नेहमी दुप्पट असतं. विकणाऱ्यांनी लिहिलेलं असतं ना ते. मी सगळं आयुष्य निम्म्यात केलं आहे आणि कधी काही अडलं नाही.

अभ्रा बसवला, वर रस लावला. फुलं छान दिसतात.

वास उग्र आहे. शिवाय काम वाळतं आहे की नाही हे मला केव्हाही आत जाऊन बघता आलं पाहिजे. म्हणून बाथरूमची कडी काढून ठेवली. स्क्रू सैलच होते, तीन वळशांत निघाले. बंदुकीचा आवाज एकदाचा गेला. आपल्याच माणसांच्या घरात कडी हवी कशाला?

१० फेब्रुवारी, सोमवार.

ओलं आहे. हवेत दमटपणा असावा.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

अजून चिकट. बोट लावलं तर बोटाला तार येते, पाक पाहताना येते तशी. पण सासूबाईंना किती दिवस थांबवणार? कालपासून त्या दर तासाला विचारत होत्या, आता जाऊ का, आता जाऊ का. रबराची चटई वर टाकून आजपासून परवानगी दिली.

दहा वाजता गेल्या. सव्वादहाला मी डोकावले, चटई सरकली तर नाही ना ते बघायला. सासूबाई कपड्यांनिशी स्टुलावर बसलेल्या. दचकल्या. आत्ताच उतरणार होते पाण्यात, म्हणाल्या. पावणेअकराला पुन्हा गेले. पुन्हा स्टुलावर, हातात शब्दकोडं. आत्ताच उठले पाण्यातून, म्हणाल्या. माझी वेळ दर खेपेला चुकते. मधे एकदा टॉवेल घेऊन गेले, एकदा चहा हवा का विचारायला. लेकीने करावं तसं करते आहे. त्यांनी विचारलं, अगं, इथली कडी कुठे गेली? मी म्हणाले, तुम्हाला केव्हाही काही लागलं तर मला पटकन येता यावं ना! 

दुपारी सासूबाई जाऊबाईंशी फोनवर बराच वेळ बोलल्या. खोलीचं दार लोटून. माझं कौतुक माझ्यासमोर करायला संकोचत असतील.

१२ फेब्रुवारी, बुधवार.

टबावरचं ठिगळ तसंच चिकट. मग ठरवलं की आता कंजूषपणा नको. उरलेल्या रेझिनमधलं तळाशी थोडंसं ठेवून बाकी सगळं कागदी पेल्यात ओतलं आणि हार्डनरची ट्यूब त्यात पिळली, दोन थेंबांपुरती ठेवून. ढवळायला घरातला जुना चमचा.

पेला गरम झाला. मग धूर यायला लागला. मी पेला बेसिनमध्ये ठेवून प्रार्थना म्हटली. प्रार्थना संपेपर्यंत सगळा रस दगड झाला होता, मधोमध चमचा उभा. टबाला त्यातलं बोटभरसुद्धा मिळालं नाही.

सासूबाई वासाने आल्या. पेल्याकडे बघून म्हणाल्या, काय गं मॅट्रिक, आज कशाचा मुरांबा? मी म्हणाले, काही नाही, एक प्रयोग. चमचा ओढून बघितला. पेल्यासकट वर येतो. दाराला टेकण म्हणून उपयोगी पडेल. फेकलं नाही.

ह्यांनी धूर कसला म्हणून विचारलं. मी म्हणाले, उदबत्तीचा. पहिल्या पानावर देवाचं नाव लिहिलेल्या वहीत खोटं लिहायला नको म्हणून नोंदवून ठेवते: उदबत्ती नव्हती.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

उपाय सापडला. चटई उचलून चिकट जागेवर टाल्कम पावडर भुरभुरली. कणिक हाताला चिकटू नये म्हणून पीठ लावतोच की आपण. लगेच कोरडं लागलं! त्यावर फ्रिजच्या दाराला लावून उरलेला पांढरा रंग दोन हात दिला. फुलं दिसेनाशी झाली. जवळून पाहिलं तरी कळणार नाही, असं मला दुरून वाटलं.

त्या दुकानदाराला बोलावून दाखवावं असं मनात आलं. पण गर्व नको.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

खरी परीक्षा आज. सासूबाई नव्या रंगावर तासभर आंघोळ करून आल्या. रंगाला एक ओरखडा नाही! पाणी लागल्याची खूणसुद्धा नाही. चिकटल्या का कुठे, असं विचारणार होते, पण ते संशयास्पद वाटलं असतं. चालताना मागून पाहून घेतलं. ठीक होत्या.

काम फत्ते. उद्या जाऊबाई.

फक्त एक गोष्ट समजली नाही. सासूबाईंनी त्यांची बॅग पलंगाखालून काढून पुसून ठेवली आहे. मी विचारलं तर म्हणाल्या, धूळ होती. धूळ पुसल्यावर आत साड्या कशाला भरायच्या?

१६ फेब्रुवारी, रविवार.

जे झालं ते क्रमाने लिहिते.

जाऊबाई अकराला आल्या. पायात पातळ, उंची मोजे. बूट दारात काढले आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, चला आई, बॅग कुठे आहे? मी म्हणाले, कसली बॅग? तर सासूबाई गॅलरीतल्या कुंडीकडे बघायला लागल्या.

म्हणजे परवाच्या मंगळवारी दार लोटून केलेल्या फोनवर माझं कौतुक नव्हतं. मला घेऊन जा, असं सांगितलं होतं त्यांनी.

हे म्हणाले, आई, इथे काय कमी पडलं? सासूबाई म्हणाल्या, कमी काही नाही रे. जाऊबाई म्हणाल्या, अहो, कंबरेचं दुखणं आहे, त्यांना धड टब नको का? तुमचा तो प्लास्टिकचा. मी म्हणाले, प्लास्टिकचा नाही, फायबरग्लासचा आहे आणि नव्यासारखा आहे. जाऊबाई म्हणाल्या, पाय ठेवला की करकरत असेल. मी म्हणाले, मग ठेवून बघा पाय! सासूबाई रोज तासभर बसतात त्यात, एक आवाज येत नाही.

आम्ही सगळे बाथरूममध्ये गेलो. बॅग हातात घेऊन सासूबाईसुद्धा.

जाऊबाईंनी टबात उजवा पाय ठेवला. नेमका तिथे. करकरला नाही, हे मी आधी नोंदवते. पच् असा आवाज झाला. मग त्यांनी पाय उचलू पाहिला. पाय आला, मोजा राहिला. मोजा सोडवायला त्या वाकून ओढू लागल्या, तर रंग फाटला, पावडर उडाली, आणि मोज्याला धरून खालून जांभळी फुलं वर आली. लांबच लांब.

जाऊबाई त्या फुलांकडे बघत राहिल्या. मग फार हळू म्हणाल्या, हा अभ्रा मी दिला होता. तुमच्या गृहप्रवेशाला.

मी म्हणाले, म्हणूनच तर टबाला लावला, घरातली सगळ्यात मजबूत वस्तू होती. मनापासून म्हणाले. तरी त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला.

ह्यांनी तेवढ्यात तडा पाहिला, घासलेली जागा पाहिली, आपल्या पँटकडे पाहिलं, आणि विचारलं, इथली पांढरी धूळ तू कुठे धुतलीस?  हे खाजवत बाहेर गेले.

आणि सासूबाई हसायला लागल्या. बॅग खाली ठेवून, भिंतीला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. 

हसू ओसरल्यावर स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, पोरींनो, मी ह्या टबात एकदाही बसले नाही. ह्यातही नाही आणि तुझ्या चिनी मातीच्यातही नाही. आत उतरले तर ह्या कंबरेने मला बाहेर कोण काढणार? मी कडी लावते, नळ थोडा सोडून ठेवते आवाजाला, आणि स्टुलावर बसून शब्दकोडं सोडवते. दिवसातला तेवढा एक तास मला कुणी काही विचारत नाही.

जाऊबाईंना म्हणाल्या, तुझ्याकडे ते सरकतं दार. कडीच नाही. दर दहा मिनिटांनी तू ज्यूस घेऊन आत. म्हणून मी इकडे आले. धाकट्याच्या गृहप्रवेशाला आले होते तेव्हाच ही कडी ऐकली होती मी. खणखणीत. मनात म्हटलं होतं, म्हातारपणी इथे यायचं.

मग माझ्याकडे वळल्या. आणि तू ती काढून ठेवलीस. दोघींची माया एवढी आहे की श्वास घ्यायला जागा नाही. आता जिच्याकडे कडी असेल तिच्याकडे मी राहीन. उद्या दुपारपर्यंत बघते.

जाऊबाई एका मोज्याने घरी गेल्या. जाताना फोनवर कुणाला तरी कडी मिळते का विचारत होत्या.

मी त्या टॉवेलबद्दल लिहिलं होतं ते पान आत्ता वाचलं. कोरा टॉवेल. मला वाटलं होतं माझं वळण. आणि त्या माझ्यासाठी आल्या असं वाटलं होतं. कडीसाठी आल्या होत्या. ह्यांनी बसवलेल्या.

जप करताना माळ तीनदा हातातून सुटली. पण एक आहे. कडी अजून माझ्याकडे आहे. जाऊबाईंना आणावी लागेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी.

ह्यांनी कडी बसवून पाहिली. भोकं मोठी झाली आहेत, स्क्रू नुसते फिरतात. संध्याकाळी मोठे स्क्रू आणतो म्हणाले आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी! आणि तिकडे जाऊबाई दुपारच्या आत दुकान गाठणार.

बाटलीच्या तळाशी थोडं रेझिन आहे. ट्यूबमध्ये हार्डनरचे थेंब आहेत. ह्या खेपेला किटवरचा कागद चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. कानात औषध घालायच्या ड्रॉपरने माप घेतलं. निम्मं नाही, दुप्पट नाही. लिहिलं आहे तेवढंच. भोकांत रस भरला, स्क्रू बसवले. थोडा रस ओघळून कडीच्या दांड्यावर गेला, तो पुसायला फडकं आणणार होते.

सासूबाईंना म्हटलं, कडी बसली, पण वाळेपर्यंत लावू नका.

फडकं घेऊन परत आले तेव्हा दार बंद होतं. आतून आवाज आला. बंदुकीचा.

दुपारी एक.

बरोबर माप घेतलं की हे खरोखरच दगड होतं. दुकानदार खोटं बोलत नव्हता.

बाहेरून ढकलून पाहिलं. आतून सासूबाईंनी ओढून पाहिलं, एकदाच. मग म्हणाल्या, छान बसली गं, आता हलायची नाही. मी म्हणाले, घाबरू नका. त्या म्हणाल्या, घाबरतंय कोण?

सुताराला फोन केला. चारला येतो म्हणाला. दाराबाहेरून मी सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, बिचाऱ्याला जेवूबिवू दे, सहाला आला तरी चालेल. दाराखालच्या फटीतून शब्दकोड्याचं दुसरं पुस्तक आणि पेन्सिल मागून घेतली. बिस्किटं मागितली. बिस्किटं अजून बंद आहेत, पण दिली. एकेक करून, फटीतून.

दोनदा विचारलं, आणखी काही हवंय का. नको म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आतून नळाचा आवाज सुरू झाला.

जाऊबाईंना फोन करून कळवलं की सासूबाई आमच्याकडेच राहणार. निदान सहापर्यंत तरी.